कार्डिनल येत नाही? आधी लाल शोधणं थांबवा

दर वर्षी ऑक्टोबर लागला की मला इथे अमेरिकेत दोन-चार घरांतून हमखास एकच तक्रार ऐकू येते, कार्डिनल या लाल, तुरेवाल्या पक्ष्याबद्दल. "पक्ष्यांच्या दाण्यांचा फीडर लावून दोन महिने झाले, दाणे संपतात, पण कार्डिनल काही येत नाही. शेजाऱ्यांकडे मात्र रोज येतो म्हणे." तक्रार करणारे बहुतेक आपलेच मराठी लोक, नुकतंच मागे अंगण असलेलं घर घेतलेले. त्यांचा वैताग मला कळतो. नॉर्थ कॅरोलायनाचा हा १९४३ पासूनचा राज्यपक्षी. शिवाय इलिनॉय, इंडियाना, ओहायो, केंटकी, व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनिया या आणखी सहा राज्यांनी त्यालाच निवडलंय. नाताळच्या प्रत्येक शुभेच्छापत्रावर तो बसलेला, आणि आपल्या अंगणात मात्र नाही.

माझ्याकडेही पहिलं वर्षभर तो "येत नव्हता". खरं तर येत होता. ते कसं कळलं, हे सांगितलं की निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

पण त्याआधी एक साधी खातरजमा. तुम्ही राहता कुठे? सिअ‍ॅटल, पोर्टलंड, बे एरिया इथली मंडळी हौसेने फीडर टांगतात आणि वाट बघत बसतात. तिकडे कार्डिनल नाहीच. तो पूर्वेकडचा आणि मध्य भागातला पक्षी. न्यू जर्सी, शिकागो, अटलांटा, डॅलस, ह्यूस्टन, खाली मेक्सिकोपर्यंत आणि वर टोरोंटो-मिसिसॉगापर्यंत तो बारा महिने असतो. अ‍ॅरिझोनाच्या दक्षिण भागातही आहे. तो स्थलांतर करत नाही, त्यामुळे "हिवाळ्यात दक्षिणेला गेला असेल" ही समजूत काढून टाका. पूर्वेकडे राहत असाल आणि आसपास थोडी झाडंझुडपं असतील, तर तो तुमच्यापासून फार लांब नाही.

आईला दिसलेला "बुलबुल"

आई त्या वर्षी ऑक्टोबरात बार्शीहून आली होती. जेटलॅगमुळे पहाटे तीनलाच जागी व्हायची, स्वतःचा चहा करून घ्यायची आणि स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची ओढून बसायची. चौथ्या-पाचव्या दिवशी मला म्हणाली, "अगं, तुझ्याकडे बुलबुल येतो की रोज. दोघं येतात. सगळ्यांच्या आधी."

मी म्हटलं, आई, इथे बुलबुल नाहीत. ती म्हणाली, "तुरा आहे ना डोक्यावर. काळा दिसतो. खाली पडलेलं वेचून खातो आणि उजाडलं की जातो. तू उठतेस आठला, तुला कुठून दिसणार?"

दुसऱ्या दिवशी मी गजर लावून उठले. सूर्योदय सव्वासातच्या पुढे होता, आम्ही पावणेसातपासून बसलो. सातच्या सुमारास फीडरखालच्या गवतात दोन आकृत्या उतरल्या. बुलबुलाएवढ्याच, जरा भरलेल्या, लांब शेपटीच्या, डोक्यावर टोकदार तुरा. रंग काहीच नाही, नुसती सावली. मी दुर्बिणीतून बघत राहिले. दहा-बारा मिनिटांत उजेड हळूहळू चढला आणि त्यातली एक आकृती निखाऱ्यावर फुंकर घालावी तशी लाल होत गेली. आधी छाती, मग तुरा. तेवढ्यात शेजाऱ्यांचा कुत्रा बाहेर आला आणि दोघं कुंपणापलीकडे दिसेनासे झाले. पूर्ण लाल असा तो मला जेमतेम अर्धा मिनिट दिसला.

आता यातली मेख. कार्डिनल फीडरवर सगळ्यांत आधी येतो आणि संध्याकाळी सगळ्यांत शेवटी जातो. म्हणजे नेमका कमी उजेडात. आणि कमी उजेडात आपल्या डोळ्यांना लाल रंग दिसतच नाही. रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी अंधारात काम थांबवतात. अंधारात काम करणाऱ्या दंडपेशी लाल प्रकाशाला जवळजवळ दाद देत नाहीत. म्हणून तिन्हीसांजेला जास्वंदीची पानं अजून उजळ दिसतात आणि लाल फूल मात्र काळं पडतं. एकोणिसाव्या शतकात पुर्किन्ये नावाच्या झेक शास्त्रज्ञाने हे टिपून ठेवलं, त्याला त्यांचंच नाव आहे. भर दुपारी जो पक्षी शंभर फुटांवरून डोळ्यांत भरेल, तोच पहाटे काळपट ढेकळासारखा दिसतो. आपण लाल शोधत असतो, म्हणून समोर असूनही नजरेतून सुटतो.

तेव्हा पहिला उपाय फुकटचा आहे. सूर्योदयाच्या आधीची वीस मिनिटं आणि सूर्यास्तानंतरची पंधरा-वीस मिनिटं खिडकीशी बसा, घरातला दिवा बंद ठेवून. रंग विसरा. तुरा, जाड चोच आणि लांब शेपटी बघा. फीडरवर बघू नका, फीडरच्या खाली बघा. हे चार दिवस करा. बाकीच्या गोष्टींवर पैसे खर्च करायचे की नाही, ते त्यानंतर ठरवा.

फीडर चुकीचा असतो तेव्हा

माझा पहिला फीडर म्हणजे उंच नळी आणि तिला बोटभर लांबीच्या काड्या. दुकानात हाच पुढे मांडलेला असतो. त्यावर चिकडी आणि फिंच हे छोटे पक्षी मजेत बसतात. कार्डिनल एकवीस-तेवीस सेंटिमीटर लांबीचा, साधारण पंचेचाळीस ग्रॅमचा पक्षी. त्याला समोर तोंड करून, दोन्ही पाय नीट टेकवून खायचं असतं. त्या काडीवर बसलं की दाणा बाजूला येतो आणि मान वाकडी करावी लागते. तो एकदोनदा झटापट करतो आणि खाली उतरतो. "फीडरवर येत नाही" या तक्रारीतला मोठा वाटा हा असतो: येतो, पण जमिनीवर.

नळीचाच फीडर ठेवायचा असेल तर तिच्या बुडाला बसवायची ताटली मिळते, ती लावा. नाहीतर सरळ पसरट ट्रे घ्या, किंवा घराच्या आकाराचा, दोन्ही बाजूंना रुंद पट्टी असलेला फीडर. ट्रेच्या तळाला जाळी हवी, पावसाचं पाणी निचरायला पाहिजे. ओले दाणे कुजतात आणि त्यातून पक्ष्यांना आजार होतात. दोन आठवड्यांतून एकदा गरम पाण्याने घासून, पूर्ण वाळवून पुन्हा भरायचा. हे काम मला मनापासून आवडत नाही, पण भांडी घासतो तसं तेही घासायचं.

जागेबद्दल लोक उलटी चूक करतात. पक्षी छान दिसावा म्हणून हिरवळीच्या मधोमध खांब रोवतात. कार्डिनलचा स्वभाव बुजरा. आधी झुडपात येऊन बसणार, दोन मिनिटं अंदाज घेणार, मग झेप. झुडूप तीन-चार मीटरवर असेल तर तो येतो. उघड्यावर पंधरा मीटर उडत जावं लागणार असेल तर त्याला पलीकडचं अंगण बरं वाटतं. आमच्याकडे हॉली आणि अझेलियाची झुडपं कुंपणालगत आहेत. मी खांब तिकडे सरकवला आणि आठवड्याभरात फरक पडला. घराच्या काचेपासून मात्र फीडर एकतर अगदी जवळ, तीन फुटांच्या आत ठेवा, म्हणजे पक्ष्याला वेग घ्यायला जागाच उरत नाही. नाहीतर तीस फुटांच्या पलीकडे. मधल्या अंतरावर काचेवर आपटून पक्षी मरतात.

ज्वारी परत घ्या, करडई आणा

स्वस्तातलं मिश्र खाद्य आणलं असेल तर पिशवी उघडून मूठभर दाणे ताटात पसरून बघा. लालसर, गोल दाणे जास्त दिसतील. ती ज्वारी. इथे तिला मायलो म्हणतात आणि वजन वाढवायला पिशवीत भरतात. पूर्वेकडचे अंगणातले बहुतेक पक्षी ती खात नाहीत, चोचीने उडवून खाली टाकतात. मी हे आईला सांगितल्यावर बार्शीच्या बाईला ते सहन होईना. खाली सांडलेली ज्वारी बघून ती रोज हळहळायची.

कार्डिनलला हवं असतं काळं, तेलाचं सूर्यफूल. आणि त्याहून कामाची गोष्ट म्हणजे करडई. इथल्या दुकानात पांढऱ्या दाण्यांची पिशवी मिळते, वर सॅफ्लॉवर लिहिलेलं असतं. मी ती आणून डब्यात ओतत होते तेव्हा आईने दाणा उचलून दातांखाली फोडला आणि म्हणाली, "ही तर आपली करडई!" सोलापूर-मराठवाड्याकडे गुरं आत शिरू नयेत म्हणून शेताच्या कडेने जी काटेरी करडई लावतात, तीच. कार्डिनलच्या जाड चोचीला तिचं टणक टरफल फोडणं सहज जमतं. खारी आणि साळुंकीच्या जातकुळीतले स्टार्लिंग तिच्याकडे सहसा ढुंकून बघत नाहीत. सहसा म्हटलं, कारण आमच्याकडची एक खार आता तीही खाते. पण जिथे सगळे दाणे खारीच संपवतात, तिथे करडईने खरंच फरक पडतो. फक्त एकदम बदल करू नका. आधी निम्मं सूर्यफूल, निम्मी करडई, मग हळूहळू करडई वाढवा. पक्ष्यांनाही सवय लागावी लागते.

शेंगदाणे द्यायचे तर बिनमिठाचे. उरलेला चिवडा आणि फरसाण नको. हे लिहावं लागतंय, कारण मी ते फीडरमध्ये पाहिलंय.

आला होता, ओळखला नाही

"लाल नर कधीतरी दिसतो, पण त्याच्यासोबत वेगळाच कुठला तरी तपकिरी पक्षी असतो." हे वाक्य ऐकलं की मला हसू येतं. ती त्याची मादी. दुधाळ चहाच्या रंगाची, पंखांवर, शेपटीवर आणि तुऱ्यावर कुंकू सांडून पुसल्यासारखी लाल छटा. चोच मात्र नरासारखीच, भगव्या-लाल रंगाची आणि शंकूसारखी जाड. आपल्याकडे निखाराची जोडी पाहिली असेल तर नर लाल आणि मादी पिवळी हे माहीत असतं. तसाच हा प्रकार. मला विचाराल तर मादीच जास्त देखणी. नराला बघायला डोळे लागत नाहीत, तिला बघायला लागतात.

ओळखताना रंगाआधी दोन गोष्टी बघायच्या: तुरा आणि चोच. नराच्या चोचीभोवती काळा मुखवटाही असतो, गळ्यापर्यंत उतरलेला. एवढ्यावर बाकीचे आपोआप बाजूला पडतात. हाउस फिंच चिमणीएवढा, डोकं-छाती लालसर, पण पोटावर तपकिरी रेघोट्या आणि तुरा नाही. "छोटा कार्डिनल आला" म्हणून पाठवलेल्या दहा फोटोंपैकी सात याचेच असतात. उन्हाळ्यात समर टॅनेजर येतो, तो अंगभर लाल, पण तुरा नाही, मुखवटा नाही आणि चोच फिकट पिवळसर. स्कार्लेट टॅनेजरचे पंख काळे कुळकुळीत. सीडर वॅक्सविंगला तुरा असतो आणि रंगही मादीसारखा मऊ तपकिरी, म्हणून गोंधळ होतो. त्याच्या शेपटीचं टोक पिवळं असतं आणि तो थव्याने येतो. अ‍ॅरिझोना-टेक्सासच्या कोरड्या भागात पिर्‍हुलॉक्सिया नावाचा जवळचा भाऊबंद आहे, राखाडी अंगावर लाल फराटे मारलेला. त्याची चोच पिवळी आणि पोपटासारखी वळलेली.

जून ते सप्टेंबरात आणखी एक भानगड होते. मादीसारखा तपकिरी, तुरा अर्धवट, पण चोच काळपट. हा दुसरा कोणी नाही, यंदाचं पिल्लू आहे. चोच महिना-दोन महिन्यांत रंग धरते. तो बहुतेक नराच्या मागे पंख थरथरवत, भीक मागितल्यासारखा फिरताना दिसेल.

आणि ऑगस्टमध्ये टकलू. दर वर्षी कोणीतरी घाबरून फोटो पाठवतं: अंग लाल, डोकं काळंठिक्कर, गिधाडासारखं. तो आजारीच असतो असं नाही. वीण संपल्यावर पिसं बदलतात. काही कार्डिनलांची डोक्यावरची पिसं एकदमच गळतात आणि खालची काळी कातडी दिसते. काही आठवड्यांत नवी येतात. तोपर्यंत बिचाऱ्याला खाऊ द्या, फोटो काढू नका.

कानाने शोधा

झुडपात बसलेला कार्डिनल डोळ्यांनी शोधणं म्हणजे वेळेचा अपव्यय. त्याची एक हाक आहे, छोटी, धातूची. दोन नाणी एकमेकांवर टिचकावल्यासारखी: "चिप". थोड्या थोड्या वेळाने एकेक. ही हाक एकदा कानात बसली की फीडर बघायची गरजच उरत नाही. मी भांडी घासताना ती ऐकते आणि हात पुसून खिडकीशी जाते.

गाणं वेगळं. स्वच्छ शीळ, वरून खाली घसरत येणारी, तीन-चारदा, आणि मग भराभर तुकडे. फेब्रुवारीत थंडी असतानाच ते सुरू होतं आणि तेव्हा गाणारा पक्षी शोधणं सोपं जातं, कारण झाडाला पानं नसतात आणि तो शेंड्यावर बसतो. इथे दोन फसवणुका आहेत. टफ्टेड टिटमाउस हा करडा, तुरेवाला छोटा पक्षी अशीच शीळ घालतो, पण त्याचे दोनच स्वर पुन्हा पुन्हा येतात. आणि मॉकिंगबर्ड सरळ नक्कल करतो. फोनवरचं आवाज ओळखणारं अ‍ॅप त्याला कार्डिनल म्हणालं तरी लगेच नोंद करू नका. तीच शीळ दोन-चारदा होऊन लगेच भलताच आवाज, मग तिसराच, असं चाललं असेल तर तो मॉकिंगबर्ड.

आणि गातोय तो नरच, असं धरून चालू नका. कार्डिनलची मादीही गाते, घरट्यात बसूनसुद्धा. उत्तर अमेरिकेतल्या गाणाऱ्या पक्ष्यांत हे फारसं दिसत नाही. अझेलियाच्या बुडातून शीळ ऐकू आली आणि कोणी दिसलं नाही, तर फांद्या बाजूला करून शोधू नका. घरटं कंबरेएवढ्या उंचीवरही असतं, त्यात बहुधा तीन अंडी असतात आणि ती बारा-तेरा दिवसांत उबतात. त्या काळात झुडूप छाटायचं नाही. अंड्यांसकट घरटं हलवणं तर १९१८ च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने गुन्हाच आहे. स्थलांतर न करणारा कार्डिनलही त्या यादीत आहे.

रोज यायचा, अचानक बंद झाला

आधी वर बघा. कूपर्स हॉक जवळपास बसलेला असतो, आपल्या शिक्र्याच्या कुळातला, मुख्यतः पक्ष्यांवर जगणारा. तो असेल तर नुसता कार्डिनलच नाही, सगळं अंगण चिडीचूप होतं. एक-दोन आठवडे फीडर काढून ठेवा, हॉक दुसरीकडे जातो. तसं नसेल आणि महिना मे-जून असेल, तर तो पिल्लांना अळ्या-किडे भरवण्यात गुंतलाय. दाण्यांकडे थंडीत वळेल, आणि तेव्हा जोडी नाही, कधीकधी टोळकंच येतं.

येतो, आणि आता काचेवर डोकं आपटतो

ही तक्रार मार्च-एप्रिलची, आणि एकदा सुरू झाली की दर वर्षीची. पहाटेपासून टक, टक, टक. नर आपल्या हद्दीत दुसरा नर बघतो, जो कितीही मारलं तरी पळत नाही. कारण तो काचेतला तोच असतो. मादीही कधीकधी हे करते. लोक आतून पडदा ओढतात. त्याने काहीच होत नाही, उलट मागे अंधार झाला की काचेचा आरसा आणखी चांगला होतो. जे लावायचं ते काचेच्या बाहेरच्या बाजूने. साबणाचा जाड हात फिरवला तरी चालतो, वर्तमानपत्र चिकटवलं तरी चालतं. गाडीच्या आरशांवर नवऱ्याचे जुने मोजे चढवते. कॉलनीत त्यावर बरेच विनोद झालेत, पण आरसे स्वच्छ आहेत.

एक खिडकी झाकली की तो शेजारची धरतो, त्यामुळे दोन्ही बाजूंच्या काचा एकदमच झाका. वीण थंडावली की हे वेड उतरतं. आमच्याकडे आईने जाताना ठेवलेली बांधणीची ओढणी बेडरूमच्या खिडकीवर बाहेरून लावतो. दोन हुक कायमचे ठोकून ठेवलेत.